तीन मिनिटं चव्वेचाळीस सेकंद

मास कम्युनिकेशनच्या शेवटच्या वर्षाला आम्हाला प्रात्यक्षिक म्हणून एक म्युझिक व्हिडिओ करायचा होता. पुण्यात चौघांचा गट जमला. दिग्दर्शन माझ्याकडे, एक मैत्रीण कॅमेऱ्यावर, एक मित्र संकलनाला आणि चौथा आमचा गिटारवाला. गाणं त्याचंच होतं. एक गिटार, एक आवाज, बाकी काही नाही. विषय होता कोकणातलं एक बंद घर, ज्याची किल्ली शेजारच्या काकूंकडे असते. आम्हाला वाटलं, यात अवघड काय आहे? घर आहे, मुलगा आहे, गिटार आहे. दोन दिवसांत उरकू. तीन महिने गेले. तेव्हा मी एका दोनशे पानी वहीत जे खरडत होते, त्यातलं निवडून इथे देते आहे. क्रम वहीतलाच आहे, महत्त्वाप्रमाणे लावलेला नाही.

१. आधी हक्क, मग हौस.

खरं तर आम्हाला आधी एक जुनं भावगीत गिटारवर करायचं होतं. सरांनी एकच प्रश्न विचारला, "गाणं कुणाचं?" आम्ही गायकाचं नाव सांगितलं आणि तिथेच नापास झालो. शब्दांचा हक्क वेगळा, चालीचा वेगळा, ध्वनिमुद्रणाचा आणखी वेगळा. आपल्याकडे कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षं शब्दांवरचा हक्क राहतो. त्या भावगीताचे कवी गदिमा १९७७ च्या डिसेंबरात गेले, म्हणजे त्यांच्या शब्दांसाठी २०३७ संपेपर्यंत परवानगी लागणार. आम्हाला एप्रिलमध्ये व्हिडिओ जमा करायचा होता. तेव्हा कुठे टपरीवर चहा पिताना गिटारवाला लाजत म्हणाला, "माझं एक आहे." मित्र असला तरी त्याच्याकडून कागदावर लिहून घेतलं. त्याला राग आला, पण सही केली.

२. पक्कं ध्वनिमुद्रण हातात येईपर्यंत एकही शॉट लिहू नका.

आम्ही लिहिले. त्याने होस्टेलच्या खोलीत फोनवर रेकॉर्ड केलेलं गाणं साडेतीन मिनिटांचं होतं. त्यावर मी मोठ्या उत्साहाने एकेचाळीस शॉट बसवले. पुढे स्टुडिओत पक्कं रेकॉर्डिंग झालं ते निघालं ३ मिनिटं ४४ सेकंदांचं. चौदा सेकंद जास्त! फोनवर तो घाईत गायला होता, स्टुडिओत सावकाश. माझे सगळे शॉट दुसऱ्या कडव्यापासून घसरले.

स्टुडिओत आणखी एक भांडण झालं. तो मेट्रोनोमवर वाजवायला तयार नव्हता. "गाणं मशीन होईल," हे त्याचं म्हणणं. संकलक म्हणत होता, ठोका पक्का नसेल तर मी कापू कुठे? शेवटी हेडफोनमध्ये हलका ठोका ठेवून वाजवायचं, एवढ्यावर तडजोड झाली. लय ठरली मिनिटाला ७५ ठोक्यांची, आणि हा आकडा आमच्यासाठी लॉटरी ठरला. एक ठोका ०.८ सेकंदाचा. आपण सेकंदाला २५ फ्रेम घेतो, म्हणजे एका ठोक्याला बरोबर २० फ्रेम. चार ठोक्यांचा एक बार ३.२ सेकंदांचा, आणि अख्खं गाणं सत्तर बारांचं.

मग आलेखाचा कागद आणला आणि त्यावर सत्तर चौकटी आखल्या. सुरुवातीची गिटार चार चौकटी, पहिलं कडवं सोळा, धृपद आठ, मधलं वाजवणं चार, दुसरं कडवं सोळा, धृपद आठ, पुन्हा सहा चौकटी नुसती गिटार आणि शेवटच्या आठात आवाज विझत जातो. प्रत्येक चौकटीखाली लिहिलं, इथे गाणं काय करतं आहे. श्वास घेतो, थांबतो, शब्द ओढतो. काय दिसेल ते मुद्दाम लिहिलं नाही, त्याची ओळ कोरी ठेवली. हा कागद पुढे आमच्या कामी कसा आला ते दहाव्या क्रमांकावर येईल.

३. दुसऱ्यांचे व्हिडिओ आवाज बंद करून पाहा.

'संशोधन' या नावाखाली आम्ही पहिला आठवडा नुसते व्हिडिओ पाहत लोळलो, त्यातून काही हाती लागलं नाही. आवाज चालू असला की गाणं आपल्याला ओढून नेतं आणि चित्र काय करतं आहे ते कळत नाही. आवाज बंद केला, हातात पेन्सिल घेतली आणि दर कटला एक रेघ ओढायला लागलो, तेव्हा डोळे उघडले. सिनेड ओ'कॉनरचा १९९० चा 'नथिंग कम्पेअर्स टू यू' घ्या. बागेतून चालणं वगैरे थोडं आहे, पण लक्षात राहतो तो फक्त चेहरा. कोल्डप्लेच्या 'यलो'ला तर एकच रेघ. २००० सालचा तो व्हिडिओ इंग्लंडमधल्या स्टडलंड बेच्या किनाऱ्यावर एका सलग शॉटमध्ये घेतला आहे. बेत होता उन्हाचा आणि गर्दीचा, पण पाऊस आला. त्याच दिवशी ड्रमरच्या आईचे अंत्यसंस्कार होते, त्यामुळे बँडमधला एकटा क्रिस मार्टिन भिजत चालत राहिला. आपल्याकडचा 'डूबा डूबा' १९९८ चा. पाण्याखालचा. गाणं इतकं हलकं आहे की पाण्यात तरंगतं, हे कुणाला तरी आधी सुचलं असणार.

अभ्यासक्रमात अँड्र्यू गुडविनचं १९९२ चं पुस्तक होतं. तो म्हणतो, चित्र शब्दांना दाखवतं, किंवा वाढवतं, किंवा त्यांच्याशी फटकून राहतं. परीक्षेत हे लिहिलं की मार्क मिळतात. आम्हाला त्याचा खरा उपयोग झाला तो भांडणात. कॅमेरावाली म्हणाली, "गाण्यात 'कुलूप' शब्द येतो तेव्हा कुलूप दाखवायचं." आणि आम्ही तिघं एका सुरात ओरडलो, "हे तर नुसतं दाखवणं झालं!" पुढे काय झालं ते पाहता तीच बरोबर होती, पण तेव्हा आम्हाला पुस्तकाचा चढ होता.

या सगळ्यात माझ्या मनात खोल रुतला तो जॉनी कॅशचा 'हर्ट'. मूळ गाणं नाइन इंच नेल्सचं, १९९४ चं. कॅशने ते म्हातारपणी गिटारवर गायलं. दिग्दर्शक मार्क रोमानेक कॅशच्या टेनेसीतल्या बंद पडलेल्या संग्रहालयात गेला, तर तिथे सगळी पडझड. त्याने ती झाकली नाही, तीच दाखवली. जागा जशी सापडली तसा व्हिडिओ झाला. वहीत मी या वाक्याखाली दोन रेघा मारल्या होत्या. शूटिंगच्या दिवशी मात्र नेमकं हेच वाक्य मला आठवलं नाही.

४. गाणं वर्गाबाहेरच्या माणसांना ऐकवा.

प्रेक्षकांचा अभ्यास म्हणून आम्ही वर्गात प्रश्नावली वाटली. सगळ्यांनी 'छान', 'मस्त', 'फील येतो' असं लिहिलं, कारण त्यांच्या प्रश्नावल्या आम्हाला भरायच्या होत्या. कंटाळून एका रात्री होस्टेलच्या वॉचमनकाकांना गाणं ऐकवलं. ते डोळे मिटून ऐकत बसले. संपल्यावर त्यांनी विचारलं, "मग ती शेजारीण कधी आत जाऊन बघते का?" आम्ही चौघे एकमेकांकडे बघत राहिलो. किल्ली जिच्याकडे आहे तिच्याबद्दल आमच्यापैकी कुणी विचारच केला नव्हता. त्या एका प्रश्नाने व्हिडिओत काकू आल्या.

५. गिटार वाजवणारा प्रेक्षक चेहरा पाहत नाही, बोटं पाहतो.

आपण लिपसिंकची काळजी करतो, पण हात कुणी तपासत नाही. आमच्या गाण्याला दुसऱ्या पट्टीवर कॅपो होता. होस्टेलच्या गच्चीवर चाचणी घेतली, त्यात एका शॉटला तो लावायचाच राहिला. सूर प्लेबॅकचा असल्यामुळे कानाला काहीच कळलं नाही. वर्गातल्या एका गिटारवाल्या पोराने मात्र तीन सेकंदांत पकडलं. त्यानंतर शॉटलिस्टमध्ये 'कॅपो' असा स्वतंत्र रकाना काढला. हात वरून खाली जातो की खालून वर, हेही लिहिलं.

त्याच चाचणीत तारा सापासारख्या वळवळताना दिसल्या. आधी वाटलं फोन बिघडला. कारण असं, की फोनचा सेन्सर चित्र एकदम टिपत नाही, ओळीमागून ओळ वाचतो. भर उन्हात फोन आपोआप शटर फार जलद करतो, आणि कंप पावणारी तार प्रत्येक ओळीला वेगळ्याच जागी सापडते. कॅमेरा भाड्याने घेतला तेव्हा शटर सेकंदाच्या पन्नासाव्या भागावर बांधलं आणि ऊन अडवायला लेन्सवर काळी एनडी काच लावली. साप गेले.

आणि एक. जाड तारांवरून बोट सरकताना जी किरकिर होते ना, ती रेकॉर्डिस्ट काढून टाकणार होता. आम्ही हातापाया पडून ठेवून घेतली. सत्तरपैकी पाच चौकटींत ती आहे. तिथे काय दाखवायचं यावर आमच्यात एकदाही वाद झाला नाही. बोटंच.

६. स्लो मोशनमध्ये गायचं असेल तर गच्ची रिकामी बघा.

सेकंदाला ५० फ्रेम घेऊन २५ ने दाखवलं की हालचाल निम्म्या वेगाने होते. म्हणजे ओठ जुळायला हवे असतील तर शूटिंगला गाणं दुप्पट वेगाने वाजवायचं आणि गायकानेही तसंच गायचं. 'यलो' असाच केला होता. आमचा हळवा गिटारवाला मिनिटाला दीडशे ठोक्यांच्या लयीत विरहाचं गाणं गाताना समोरच्या सोसायटीतल्या बायका कपडे वाळत घालायचं सोडून बघत बसल्या. स्लो मोशन रद्द.

७. लोकेशनवरचे दिवे पेटवून बघा.

आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची. स्वस्त एलईडी बल्ब आणि जुन्या ट्यूब त्यामुळे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. डोळ्याला दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं. फोन ३० फ्रेमवर असला की चित्रात काळे पट्टे सरकू लागतात. २५ फ्रेम आणि पन्नासावं शटर ठेवलं की बहुधा सुटका होते.

८. रेल्वे स्टेशनचा शॉट मनातून काढून टाका.

रेल्वेच्या हद्दीत शूटिंगला रेल्वेची परवानगी लागते. विद्यार्थी आहोत म्हणून फलाटावर कॅमेरा उभा करता येत नाही. आम्ही एसटीच्या खिडकीतून बाहेर बघणाऱ्या मुलावर भागवलं, आणि तेच बरं झालं. कोकणातल्या त्या गावाला स्टेशन नाहीच.

९. घर कुणाचं, हे घराला विचारून कळत नाही.

हे घर गिटारवाल्याच्या आजोबांचं. रत्नागिरी जिल्ह्यात, लांज्याच्या बाजूला. डिसेंबरात आम्ही आंबा घाट उतरून साखरप्यावरून रेकीला गेलो होतो. चिऱ्याच्या भिंती, कौलं, पुढे पडवी, खळ्यात उभं तुळशीवृंदावन, दाराचा रंग पोपडे सुटून गेलेला आणि कोयंड्यात गंजलेलं कुलूप. कॅमेरावालीने शंभरेक फोटो काढले. "यात काही करायचंच नाही, नुसतं उभं राहायचं," असं तिचं म्हणणं, आणि ते खरं होतं.

सरांनी घराच्या मालकाचं लेखी संमतिपत्र मागितलं. आम्ही म्हटलं, त्याच्या बाबांची सही घेऊ. बाबा हसले. घर सामाईक, पाच भावांचं. त्यातले दोन आता नाहीत, म्हणून त्यांच्या मुलांची नावं लागलेली. सह्या हव्या होत्या एकूण अकरा. डोंबिवली, भांडुप, नालासोपारा, एक बडोद्याला. आम्ही प्रत्येकाला फोन केला. बहुतेक फोन पाऊण तास चालले. कुणी विचारलं, पडवीचा खांब अजून आहे का? कुणी सांगितलं, माळ्यावर माझी सतार आहे, तिला हात लावू नका. एक काकू रडल्या. सगळ्यांनी सही पाठवली आणि आम्ही संमतिपत्रांची फाइल कौतुकाने सरांपुढे ठेवली. या फोनांनी काय करून ठेवलं आहे, याची आम्हाला कल्पना नव्हती.

१०. कॅलेंडरचा चौकोन पूर्ण वाचा.

कॅमेरावालीला चंद्रप्रकाशातला एक शॉट हवा होता. म्हणून आम्ही कालनिर्णय उघडलं, परीक्षेआधीची शेवटची पौर्णिमा शोधली, त्याला लागून कॉलेजला सुट्टी आहे हे पाहून उड्या मारल्या आणि तारीख ठरवली. पौर्णिमा फाल्गुनातली. त्याच चौकोनात 'होळी' असं छापलं होतं. आम्ही घाटावरची माणसं, आम्हाला होळी म्हणजे पुरणपोळी. गिटारवाला ठाण्यात वाढलेला असला तरी त्याला शिमगा माहीत होता. पण तो म्हणाला, "आमच्यातलं कुणी शिमग्याला जात नाही. गेले तर गणपतीला."

आम्ही पोचलो तेव्हा दाराला कुलूप नव्हतं. दार सताड उघडं होतं आणि त्याला पिस्ता रंगाचा नवाकोरा ऑइलपेंट दिलेला होता. खळं सारवलेलं, मांडव घातलेला, आत वीसेक माणसं, चुलीवर मटणाचं पातेलं. ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरते, ती यंदा कित्येक वर्षांनी या घरी येणार होती. सगळ्यात थोरल्या काकांनी आमचं स्वागत केलं. "तुमच्या फोनामुळे घराची आठवण झाली बघा. म्हटलं, पोरं सिनेमा काढणार, घर असं ओसाड कसं दिसू द्यायचं? रंग आवडला काय?"

मी परसात जाऊन फणसाखाली बसले आणि चक्क रडले. बंद घराच्या गाण्याला वीस माणसं, ढोल आणि पिस्ता रंग. संकलक म्हणाला, परत जाऊ. परत कधी येणार? कॅमेऱ्याचं भाडं दिवसाला दीड हजार, वर्गणी संपलेली.

रात्री मांडवात बसून आम्ही तो आलेखाचा कागद उघडला. शॉटलिस्ट तर रद्दीत गेली होती. डिसेंबरच्या घरासाठी लिहिलेला एकही शॉट आता घेता येणार नव्हता. पण सत्तर चौकटी शाबूत होत्या. त्यांत घर नव्हतं, गाणं होतं. इथे श्वास, इथे थांबणं, इथे सहा चौकटी आवाजच नाही. त्या चौकटींखालच्या कोऱ्या ओळीत आम्ही पहाटे तीनपर्यंत नवी चित्रं भरली. गाणं रिकाम्या घराचं, तर चित्र भरलेल्या घराचं. पुस्तकातलं 'फटकून राहणं' आमच्या पदरात असं पडलं. श्वासाच्या जागी आत येणारी माणसं. थांबण्याच्या जागी पडवीतल्या चपला. मुलगा मागच्या दारी पायरीवर बसून गातो आहे आणि त्याच्यामागे धूसर झालेली सगळी धांदल, कुणी त्याच्याकडे पाहत नाही. किल्लीवाल्या काकूंना आम्ही विचारलं, तुम्ही कधी आत जाता का? त्या म्हणाल्या, "जाते की. दर अमावस्येला दिवा लावून येते. त्यांना नको सांगूस." त्या सहा मुक्या चौकटी मी त्यांना दिल्या. दिवा, त्यांचे हात, मागे नुसती गिटार.

चंद्रप्रकाशाचा शॉट घेतला. पडद्यावर चंद्र नाही, नुसत्या मुंग्या.

११. प्लेबॅकच्या आधी चार ठोके जोडा आणि स्पीकर मोठा आणा.

गाण्याच्या फाइलला सुरुवातीला चार ठोके जोडले नाहीत तर गायक दर टेकला उशिरा शिरतो. आवाज कॅमेऱ्याच्या माइकमध्ये शिरायला हवा, नाहीतर संकलक जुळवणार कशावरून? आमचा स्पीकर ढोलासमोर हरला. पालखी दुसऱ्या वाडीत गेली की आम्ही शूटिंग करायचो, ढोल जवळ आला की जेवायचो.

१२. काही टेक एकदाच मिळतात, याची तयारी करता येत नाही. तरीही बॅटरी भरून ठेवा.

शेवटच्या आठ चौकटी कोऱ्याच होत्या. तिसऱ्या दिवशी दुपारी माणसं निघाली. मुंबईच्या गाड्या भरल्या, कोकमाच्या बाटल्या, तांदळाचं पीठ, कुणाची तरी सतार खरंच माळ्यावरून खाली आली. थोरल्या काकांनी खिडक्या लावल्या, चुलीवर पाणी शिंपडलं आणि पिस्ता रंगाचं दार ओढून घेतलं. कॅमेरावालीने ट्रायपॉड लावायच्या आत त्यांनी कोयंड्यात तेच जुनं कुलूप अडकवलं. तिने हातातच कॅमेरा चालू केला. किल्ली फिरली, काकांनी कुलूप एकदा ओढून पाहिलं आणि किल्ली काकूंच्या हातात दिली. सगळं मिळून सव्वीस सेकंद. शेवटच्या आठ चौकटी साडेपंचवीस सेकंदांच्या आहेत.

पण फोकस चुकला होता. कुलूप धूसर आणि मागची भिंत स्वच्छ. तिचा चेहरा पडला. मी दिग्दर्शक म्हणून पुढे झाले आणि विनवणी केली, "काका, एकदा परत करता का? फक्त कुलूप उघडून पुन्हा लावायचं."

काकांनी चप्पल पायात सरकवली. "घराला कुलूप दोनदा नाय लावत गो," ते म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले.

परीक्षकांनी फोकसचे दोन मार्क कापले. आम्ही तो शॉट बदलला नाही.